चाकाची कूस

"नखं दाखवा."

वेदाक्का माझ्याशी बोलल्या ते हे पहिलं वाक्य. मी तेव्हा पन्नाशीला टेकलो होतो, एका कारखान्याच्या गुणवत्ता विभागाचा प्रमुख होतो आणि दिवसभर दुसऱ्यांच्या कामातली खोट काढण्याचा पगार घेत होतो. प्राथमिक शाळा सुटल्यापासून कुणी माझी नखं पाहायला मागितली नव्हती. समोरची बाई जेमतेम माझ्या खांद्याला लागेल एवढी. पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा, सुती साडीवर चढवलेला पुरुषी खाकी शर्ट, पायात कापडी बूट. मी मुकाट्यानं दोन्ही हात पुढे केले. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून ते उलटसुलट करून पाहिले.

"डाव्या अंगठ्याचं वाढलंय. आज जावा आत. पुढच्या रविवारी कापून यायचं, आयतु? पेशंटच्या अंगावर ओरखडा उठायला नको."

पेशंट म्हणजे विमान. म्हैसूरहून वरुणेकडे जाणाऱ्या रस्त्यावर, उसाच्या फडांना लागून एक लहानसं संग्रहालय उभं राहत होतं. त्याच्या मुख्य दालनाचं बांधकाम चालू होतं आणि आवाराच्या कोपऱ्यात पत्र्याच्या शेडमध्ये हवाई दलातून निवृत्त झालेलं, दोन माणसांच्या बसण्याचं, प्रशिक्षणाचं एक जेट ठेवलेलं होतं. त्याआधी कितीतरी वर्षं ते एका कॉलेजच्या मागच्या मैदानात उघड्यावर पडून होतं. कबुतरांनी त्याच्या पोटात संसार थाटले होते, गांधीलमाश्यांनी नळ्या बुजवल्या होत्या आणि पंखांवर पोरांनी खिळ्यांनी आपापली प्रेमप्रकरणं कोरून ठेवली होती. ते विमान स्वच्छ करून, दुरुस्त करून, रंगवून नव्या दालनात मांडायचं, म्हणून दर रविवारी पंधरावीस हौशी माणसं तिथे जमत. मी काही विमानवेडा नव्हतो. वर्तमानपत्रातलं आवाहन बायकोनं वाचलं आणि माझ्यापुढे धरलं. "रविवारी घरात बसून माझ्या पोळ्या तपासण्यापेक्षा इकडे जा," एवढंच ती म्हणाली. म्हैसुरातल्या विजयनगरच्या आमच्या घरात त्यानंतर बरीच शांतता नांदली, असं ती अजूनही सांगते.

शेडमधलं तांत्रिक काम मेदप्पांच्या हातात होतं. मेदप्पा कोडगूचे म्हणजे कूर्गचे, हवाई दलात आयुष्यभर विमानांचे सांगाडे दुरुस्त करून निवृत्त झालेले. माझ्याशी हिंदीत आणि बाकी सगळ्यांशी कन्नडमध्ये बोलायचे, तेही शब्द मोजून. वेदाक्कांना मात्र विमानातलं ओ की ठो कळत नव्हतं आणि ते त्या कुणापासून लपवतही नव्हत्या. त्या सरकारी दवाखान्यात वॉर्डाच्या सिस्टर होत्या. "रिटायर झाले आणि बघते तर घरात कुणी आजारीच पडेना," त्या सांगायच्या. "भाऊ टुणटुणीत, भावाची सून टुणटुणीत. मी सुम्ने बसून काय करू? मत्ते पेपरात वाचलं, एक म्हातारं विमान आजारी आहे. मी आले."

वेदवतीबाई घाटगे हे त्यांचं पूर्ण नाव. घर लष्कर मोहल्ल्यातलं. पूर्वज महाराजांच्या घोडदळात होते आणि घोडे गेले तरी घरात मराठी राहिली, फक्त इतक्या वर्षांत तिच्यात अर्धीअधिक कन्नड मिसळली. 'आयतु' म्हणजे झालं किंवा बरं, 'मत्ते' म्हणजे मग, 'सुम्ने' म्हणजे उगाच, 'अल्वा' म्हणजे नाही का, एवढं मला लवकरच कळलं. मी सांगलीचा, पण त्यांच्या लेखी बेळगावच्या वरचं सगळं पूनाच, म्हणून मी 'पूनावाले'. "तुमची मराठी पुस्तकातली, माझी चुलीपुढची," असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं आणि विषय संपवला. गंमत अशी की कन्नडमध्ये एवढ्या सफाईनं बोलणाऱ्या या बाई हुकूम सोडायचा झाला की मराठीवर येत, मग समोर कोडगूचा माणूस असो की मंड्याचा. त्यामुळे शेडमधल्या झाडून सगळ्यांना मराठीची दोन वाक्यं पाठ झाली होती. एक 'नखं दाखवा', आणि दुसरं 'कूस बदलली का?'

या दुसऱ्या वाक्याची हकीगत सांगायला हवी. वेदाक्कांनी विमान पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या पंख, शेपूट, बसायची जागा काहीच न पाहता थेट खाली बसल्या आणि टायर चाचपू लागल्या. एकाच जागी उभं राहून टायर खालच्या बाजूला चपटे झाले होते, रबराला भेगा गेल्या होत्या. "एवढी वर्षं याची कूस कुणी बदलली नाही?" त्यांनी विचारलं. "पाठीला जखमा होतात तशा झाल्यात की याला." सगळे हसले. मेदप्पा हसले नाहीत. ते म्हणाले की हवाई दलातसुद्धा फार दिवस उभ्या ठेवलेल्या विमानाची चाकं अशीच अधूनमधून फिरवावी लागतात. झालं. त्या दिवसापासून मेदप्पा आणि वेदाक्कांचं जे जमलं ते कायमचं.

तेव्हापासून रविवारचं काम संपलं की कुणालाही घरी जायची मुभा नसे. आधी जॅक लावून एकेक चाक जमिनीवरून किंचित उचलायचं, हातानं पाव फेरा फिरवायचं आणि टायरच्या माथ्यावर खडूनं नवी खूण करायची. मागच्या दोन चाकांनी महिन्याभरात दाद दिली. पुढचं चाक मात्र ढिम्म हललं नाही. आसावर गंज चढून ते आतल्या आत जाम झालं होतं. तरी वेदाक्का त्याच्यावरही दर रविवारी खडू ओढायच्या, त्याच जागी. तिथे खडूचा चांगला जाड थर जमला होता.

त्यांचा दुसरा हट्ट हत्यारं मोजण्याचा. विमानाचं एखादं झाकण उघडलं की त्याचे स्क्रू थर्मोकोलच्या तुकड्यावर जसेच्या तसे, जागच्या जागी टोचून ठेवायचे आणि झाकण बंद करण्यापूर्वी सगळी हत्यारं मोजायची. ऑपरेशन झालं की पोट शिवण्याआधी कात्र्या-चिमटे मोजतात, तशी. एकदा एक स्क्रूड्रायव्हर कमी भरला. वेदाक्कांनी काम थांबवलं. अख्खी दुपार सगळ्यांनी विमानाच्या पोटात हात घालून शोधाशोध केली. शेवटी तो माझ्याच शर्टाच्या खिशात निघाला. पुढचे कित्येक रविवार वेदाक्कांनी नखं पाहून झाल्यावर खिसेही उलटे करायला लावले, आणि तेही फक्त माझेच. गुणवत्ता विभागाच्या प्रमुखाला याहून बरी वागणूक मिळायला हवी होती, असं माझं आजही मत आहे.

पण त्यांच्या हातून जे झालं, ते असं हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. वैमानिकाच्या डोक्यावरचं जे पारदर्शक झाकण असतं, ते सगळ्या विमानात तेवढं एक अभंग राहिलं होतं. मेदप्पांचा त्याच्यावर फार जीव. एका रविवारी ते कुठल्याशा लग्नाला बेट्टदपुराला गेले होते आणि त्या झाकणावर कबुतरांच्या विष्ठेचे डाग होते. वेदाक्कांनी आयुष्यभर जे केलं तेच केलं. पिशवीतून स्पिरिटची बाटली काढली, कापूस भिजवला आणि डाग पुसायला घेतले. डाग गेले. त्यांच्याबरोबर त्या कोपऱ्याची नितळ काचही गेली. ती काच नसतेच, एक प्रकारचं प्लास्टिक असतं आणि त्याला स्पिरिट चालत नाही, हे आम्हाला तेव्हा कळलं. बघता बघता तळहाताएवढ्या जागेत केसासारख्या बारीक तड्यांचं जाळं पसरलं. ते पुन्हा जुळून येत नाही.

कुणीतरी म्हणालं, मेदप्पांना सांगू की आधीपासूनच होतं. वेदाक्कांनी त्या माणसाकडे असं पाहिलं की तो पुढचा अर्धा तास पंखाखालून बाहेर आला नाही. पुढच्या रविवारी मेदप्पा शेडच्या दारात आले तेव्हा त्या तिथेच उभ्या होत्या. "मी स्पिरिटनं पुसलं, अण्णा. तडे गेले. मी कुणाला विचारलं नाही." मेदप्पा शिडीवर चढले, बराच वेळ त्या कोपऱ्यावरून बोटं फिरवत राहिले आणि खाली उतरून त्यांच्यासमोर कॉफीचा पेला धरला. निघताना बसथांब्यावर वेदाक्का मला म्हणाल्या, "वॉर्डात माझ्या हातून कधी असं झालं नव्हतं, पूनावाले. आता हा उभा राहून, आपल्या पायानं बाहेर गेला पाहिजे. मत्ते मला झोप लागेल."

याच सुमाराला श्रीकंठ आडवे आले. श्रीकंठ म्हणजे संग्रहालयाचे व्यवस्थापक, सज्जन आणि भित्रे. भित्रे म्हणतो ते दोष म्हणून नव्हे, उद्या शाळेची पोरं विमानाला लोंबकळतील आणि ते घसरेल, हा त्यांचा घोर खराच होता. त्यांनी ठरवलं की विमान क्रेननं उचलायचं, दालनात नेऊन तीन लोखंडी खांबांवर ठेवायचं आणि पोटाशी वेल्डिंग करून टाकायचं. चाकं मग अधांतरी, नुसती शोभेला. नाहीतरी पुढचं चाक जामच आहे, मग हा खटाटोप कशाला?

वेदाक्कांनी हे ऐकलं आणि हातातला पोचारा बादलीत टाकला. "श्रीकंठा, माझ्या वॉर्डातला पेशंट गेटपर्यंत चालत जायचा. दोघांनी धरलं तरी चालेल, पण चालत. आणि आमचा आजा सांगायचा, महाराजांच्या पागेत म्हातारं घोडं झालं तरी त्याला रोज फिरवायचे. बसलं की ते संपलं. तू याला खांबावर टांगणार, अल्वा? म्हणजे याला कायमचं बिछान्यावर टाकणार." श्रीकंठ म्हणाले, "अक्का, पण चाक फिरतच नाही, त्याला मी काय करू?" त्या म्हणाल्या, "आयुधपूजेला मी याच्या तिन्ही चाकांखाली लिंबू ठेवणार. तिन्ही फुटली तर हा चालत आत जाणार. एक जरी राहिलं, तरी तू तुझे खांब घाल. मी तोंड उघडणार नाही."

म्हैसूरची आयुधपूजा ज्यानं पाहिली नाही त्याला यातला पेच कळायचा नाही. नवमीला इथे सायकलीपासून बुलडोझरपर्यंत जे काही चालतं त्या सगळ्याची पूजा होते. झेंडूच्या माळा, कुंकू भरून फोडलेला कोहळा आणि चाकाखाली लिंबू. गाडी पुढे घेऊन ते लिंबू चिरडायचं, तेव्हा कुठे पूजा पुरी होते. वाहन जागचं हललंच नाही तर लिंबू तसंच राहतं, आणि ते कुणालाच बरं वाटत नाही. श्रीकंठांनाही वाटलं नसतं. त्यांनी मान डोलावली.

मेदप्पा म्हणाले, गॅसची ज्योत लावून चाक सुटेल, पण धातूचा कस जाईल. गरम पाणी चालेल. वेळ मात्र लागेल, आणि सुटेलच असंही नाही. "शेक म्हणा की," वेदाक्का म्हणाल्या आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांनी वरुणेच्या बसचा पासच काढला. रोज संध्याकाळी त्या शेडमध्ये येत, स्टोव्हवर पातेलं चढवत, उकळत्या पाण्यातून चिमट्यानं टॉवेल काढून पिळत आणि चाकाच्या मधोमध गुंडाळत. तो निवला की दुसरा. मेदप्पा फटीतून थेंब थेंब तेल सोडत. कामावरून परत येताना मीही अधूनमधून वाकडी वाट करून जाई. वेदाक्का त्या चाकाशी हळू आवाजात बोलत असायच्या. काय बोलतात म्हणून मी एकदा कान दिला. घरात ऊट म्हणजे जेवायला काय केलं होतं, भावाच्या सुनेनं सारूच्या आमटीत मीठ कसं जास्त घातलं, हे चाललं होतं. "पेशंटशी रोगाबद्दल बोलायचं नाही," त्यांनी मला बजावलं. "त्याला ठाऊक असतं ते."

आयुधपूजेच्या दिवशी सगळे नवे कपडे घालून आले. रंगवलेलं विमान उन्हात आणून उभं करावं असं फार वाटत होतं, पण ते शेडच्या दारापर्यंत तरी येणार का, तेच कळत नव्हतं. वेदाक्कांनी कुंकवाची वाटी घेतली आणि विमानाच्या नाकाशी जाऊन मेदप्पांकडे वळून विचारलं, "लावू का?" स्पिरिटच्या त्या दिवसापासून त्या विमानाला काहीही लावण्याआधी असंच विचारायच्या. मेदप्पांनी नाकावर चिकटपट्टीचा एक तुकडा लावून दिला आणि त्याच्यावर त्यांनी कुंकू लावलं. कोहळा फुटला. लिंबं ठेवली. आम्ही मेदप्पांनी दाखवलेल्या जागी हात टेकवून उभे राहिलो आणि ढकललं.

मागची दोन लिंबं फुटली. पुढचं फुटलं नाही. चाक फिरलंच नाही, ते नुसतं फरफटलं आणि लिंबाला आपल्यापुढे ढकलत घेऊन गेलं. आम्ही थांबलो. श्रीकंठ खाली बघत होते, त्यांना जिंकायचं नव्हतं हे अगदी स्पष्ट दिसत होतं. मला वाटलं, वेदाक्का आता रडतील. त्या जमिनीवर बसल्या, नव्या साडीसकट, आणि टायरवर हात ठेवला. "घाबरलाय. एवढी माणसं एकदम बघितली नाही कधी. स्वल्प वेळ द्या. कॉफी घ्या सगळ्यांनी."

आणि खरंच, आम्ही कॉफी घेतली. त्यांनी स्टोव्ह पेटवला, टॉवेल पिळले, पुन्हा शेक दिला. मेदप्पांनी शेवटचं तेल सोडलं आणि म्हणाले, या वेळी आधी मागे ढकला. आम्ही मागे ढकललं. आतून कट्ट असा आवाज आला, मोड आलेल्या वाटाण्याचं साल सुटावं तेवढाच. खडूचा तो जाड थर, जो इतके महिने एकाच जागी होता, तो हळूहळू खाली जाऊ लागला. मग आम्ही पुढे ढकललं. वेदाक्कांनी लिंबू पुन्हा जागेवर ठेवलं होतं. ते फुटलं, आणि आंबट वास शेडभर पसरला. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. श्रीकंठच म्हणाले, "आयतु अक्का. चालत चला."

शेडपासून दालनापर्यंत विमान आपल्या चाकांवर गेलं. आम्ही ढकलत होतो आणि वेदाक्का नाकाशी एक हात ठेवून बाजूनं चालत होत्या, पेशंटच्या कोपराला धरून चालावं तशा. मी आयुष्यात बऱ्याच यंत्रांना कारखान्याबाहेर पडताना पाहिलंय. इतका आनंद मला दुसऱ्या कुठल्याही वेळी झालेला नाही.

संग्रहालय उघडल्यावरही आमचे रविवार चालूच राहिले, कारण चाकं आता खरी होती आणि त्यांची कूस बदलायला हवी होती. एकदा आम्ही जॅक लावत असताना संग्रहालयाचा गाइड एका शाळेच्या पोरांना झाकणावरचे ते तडे दाखवून सांगत होता की फार उंचावर उडाल्यामुळे असं होतं. वेदाक्का विमानाखालून डोकं बाहेर काढून कडाडल्या, "सुम्ने काय सांगतो रे? मी स्पिरिटनं पुसलं. तसं सांग मुलांना, म्हणजे ती तरी पुसायच्या आधी विचारतील." तेव्हापासून तो तसंच सांगतो.

पुढे त्या न्हाणीघरात घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. मी दर रविवारी संग्रहालयातून थेट दवाखान्यात जाई. मी दारात दिसलो की पहिला प्रश्न ठरलेला, "कूस बदलली का?" बदलली, म्हटलं की म्हणायच्या, "मग आता माझी बदला." मी आणि त्यांच्या भावाची सून मिळून ती बदलायचो, आणि ती कशी बदलावी याच्या सूचना त्या सगळा वेळ देत असायच्या. घरी सोडण्याच्या दिवशी दवाखान्याच्या माणसांनी चाकाची खुर्ची आणली. त्यांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. एका बाजूला मेदप्पा, दुसऱ्या बाजूला मी, पुढे वॉकर. गेटपर्यंत पोचायला आम्हाला केवढा वेळ लागला, पण पोचलो. गेटबाहेर पाऊल पडल्यावर त्या थांबल्या, दम घेतला आणि म्हणाल्या, "आयतु. आता रिक्षा बोलवा."

गेल्या वर्षी दसऱ्याच्या थोडं आधी त्या गेल्या. दुपारी जेवून झोपल्या त्या उठल्याच नाहीत. कुणालाही तसदी न देता गेल्या, असं लोक म्हणाले. मला मात्र वाटलं की निघताना एकदा सगळ्यांना ओळीत उभं करून त्यांनी नखं पाहायला हवी होती. मला त्यांची फार आठवण येते. हे असं सरळ लिहायला मला जमत नाही, पण येते.

त्यांच्या तेराव्याला रविवार आला. मेदप्पा आणि मी लष्कर मोहल्ल्यातल्या घरी जेवलो आणि तिथून उशिरा संग्रहालयाकडे निघालो. आज चाकं राहिली, अशी रुखरुख मनाला लागून होती.

दालनात शिरलो तर श्रीकंठ विमानाखाली उकिडवे बसले होते. शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, शेजारी जॅक, बोटांना खडू. तिन्ही टायरांच्या माथ्यावर ताजी पांढरी खूण होती. आम्ही चाकाला हात लावायला पुढे झालो, तसे ते उठले, विमानाभोवती लावलेल्या दोरीपाशी येऊन आमच्या वाटेत उभे राहिले आणि आपल्या कन्नड हेलात म्हणाले, "नखं दाखवा."

मी दोन्ही हात पुढे केले. डाव्या अंगठ्याचं वाढलं होतं.